दोन घाव

याइझूच्या बंदराकडून येणारी बस
चार वीसला आमच्या दुकानासमोर थांबते.
ते उतरले रबरी बूट घालूनच,
आणि आत शिरताच वरच्या फळीकडे बोट:
"तो. सगळ्यात मोठा."

पंखांचा, साडेसहाशे तुकड्यांचा तो डबा
तीन वर्षं कुणी खाली उतरवलेला नाही.
मी शिडी आणली नाही.
विचारलं, याआधी कधी?
"कधीच नाही," हिराइवा-सान म्हणाले,
"एकेचाळीस वर्षं ट्यूना कापला."

डाव्या अंगठ्याचं त्यांचं पेर अर्धंच आहे.
माझी नजर तिथे गेली, आणि त्यांनी ती पकडली.
"पहिल्या महिन्यातलं," म्हणाले. "नंतर नाही."

मग मी खालच्या फळीवरचा काढला,
उभा राहिला तर तळहातावर मावेल असा,
निळा-पांढरा,
पंख नाहीत, तलवार नाही, एक साधी ढाल.
याचा गुडघा पुरता दुमडतो, मी सांगितलं,
गोंद नको, रंग नको,
तुकडे नुसते दाबले की बसतात.
दोन रविवार पुरतील.
त्यांनी डबा कानाशी नेऊन हलवला,
कलिंगड पारखावं तसा.

हत्यारांच्या कपाटाशी मात्र त्यांचा आवाज उतरला.
निपर हातात घेतला. "एवढासा?"
पात्यावरून नख आडवं फिरवलं,
किंमतीची चिठ्ठी न बघताच
सर्वांत महागडा नेमका उचलला.
तो नको, मी म्हटलं, नाजूक असतो,
पहिल्याच चुकीला टवका उडतो.
हा मधला घ्या. ही बारीक सुरी.
घासायला स्पंजाची पट्टी, ही एक पुरे.
चिमटा पुढच्या वेळी.
कापायची चटई? घरचं टेबल कसलं आहे?
"टेबल बायकोचं आहे."
मी चटई पिशवीत टाकली.

मग काउंटरवर सरावाची जुनी चौकट ठेवली,
तुकडे अजून देठाला लटकलेले.
त्यांनी मनगट सैल केलं, श्वास धरला,
आणि एक घाव, दोन तुकडे.
जिथे कापलं तिथे प्लास्टिक पांढरं पडलं,
मुका मार बसावा तसं.

इथे एका तुकड्याला दोन घाव लागतात,
मी दाखवलं.
पहिला लांबून, चौकटीतून सुटण्यापुरता.
दुसरा जवळून, घाई न करता.
उरतो तो ठिपका सुरीनं, पापुद्र्यापापुद्र्यानं.

ते बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले.
"माशाला दुसरा घाव घातला," म्हणाले,
"तर आमचा मुकादम दिवसभर बोलायचा नाही."
तेवीस वर्षांच्या मुलीपुढे
मान जराशी लववून
त्यांनी निपर पुन्हा उचलला.
पाच दहाची बस गेली. सहाचीही गेली.

तीन आठवड्यांनी आले, हातात काड्यापेटी.
आत दोन निळे तुकडे, एक राखाडी रबरी चकती.
"उरले," म्हणाले. "चारदा तपासलं.
कुठे चुकलो ते सापडत नाही.
माशाचं आम्ही काही उरू देत नाही. डोळे विकतो, कल्ले विकतो,
काट्याला चिकटलेलं चमच्यानं खरवडून विकतो.
मग हे कसे उरले?"

मी पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं:
तेच तुकडे, वर फुली मारलेली.
एकाच साच्यातून दोन-तीन भाऊ निघतात,
हे दुसऱ्या कुणाचे. तुमचं काही चुकलं नाही.
पटलं नाही त्यांना.
"दुसऱ्या कुणाचे," ते पुटपुटले,
आणि काड्यापेटी परत शर्टाच्या खिशात,
बटण लावून.

रोबो नाही आणला?
"टेबलावर आहे."
दाराशी गेले, थांबले, बूट उंबऱ्यावर आपटले.
"बायको त्याच्या भोवतीनं पुसते."